९० पॉइंटवाले खाली आणि ७६ वाले वर? हे प्ले-ऑफचं गणित कोणी समजावेल का

उशिरा_जागणारा

मंडळी, मी इंग्लंडची फुटबॉलची प्रीमियर लीग बऱ्यापैकी बघतो पण त्याखालच्या डिव्हिजनकडे कधी ढुंकून बघितलं नव्हतं. परवा कुठेतरी संडरलंड विरुद्ध शेफील्ड युनायटेड ही २४ मे २०२५ ची चॅम्पियनशिप (म्हणजे ती खालचीच डिव्हिजन) प्ले-ऑफ फायनल पूर्ण हाताला लागली, दहा मिनिटं बघू म्हणून लावली आणि शेवटपर्यंत जागचा हललो नाही. ९५ व्या मिनिटाला संडरलंडचा विजयी गोल, काय ते पोरगं, काय तो शॉट. इथपर्यंत सगळं छान.

मग सहज त्या सीझनचं टेबल काढलं आणि डोकंच फिरलं. लीड्स १००, बर्नली १००, हे दोघे थेट वर गेले, ठीक. तिसरे शेफील्ड युनायटेड ९०. चौथे संडरलंड ७६. म्हणजे ४६ मॅच खेळून १४ पॉइंटचा फरक आणि तो एका संध्याकाळी पुसला गेला? मग ऑगस्टपासून मे पर्यंत एवढं घाम गाळून काय मिळवलं त्यांनी? हा नियम कोणी केला, का केला, आणि शेफील्डवाले हे मुकाट ऐकून कसे घेतात, कोणीतरी नीट सांगा. मी कोणाच्याच बाजूचा नाही, फक्त पटत नाहीये.

---

गणितवेडी

आधी एक दुरुस्ती, म्हणजे तुम्हाला अजून वाईट वाटेल :) शेफील्डने मैदानावर ९२ कमावले होते. दुसऱ्या क्लब्सचे पैसे वेळेवर दिले नाहीत म्हणून २ पॉइंट कापले गेले, ते मागच्या मालकांच्या काळातलं प्रकरण. म्हणजे खरा फरक १६ चा.

त्या सीझनचा नियम सोपा आहे. २४ टीम, पहिल्या दोन थेट प्रीमियर लीगमध्ये. तिसरी ते सहावी या चार टीममध्ये एक जागा. तिसरी वि. सहावी आणि चौथी वि. पाचवी अशा सेमी, दोन्ही टीमच्या घरी एकेक मॅच आणि दोन्हीतल्या गोलांची बेरीज, आणि फायनल लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमला एकच. बरोबरी झाली तर एक्स्ट्रा टाइम मग पेनल्टी. तिसरं आल्याचा फायदा काय तर सेमीची दुसरी मॅच घरी खेळायला मिळते, बास, एवढाच. लीगमधले पॉइंट सेमीच्या दारातच काढून ठेवायचे, चपला काढतात तसे.

आणि शेफील्डने सेमीत काही घाण केली नव्हती हां, ब्रिस्टल सिटीला ३-० आणि ३-० असं धुतलं होतं. उलट संडरलंड लीगच्या शेवटच्या पाच मॅच ओळीने हरून प्ले-ऑफला आले होते. कागदावर बघितलं तर ही फायनल व्हायलाच नको होती.

---

वेअर_काठचा

मी संडरलंडमध्येच राहतो, नोकरीसाठी आलो आणि आता आठ वर्षं झाली, त्यामुळे मी निष्पक्ष वगैरे अजिबात नाही हे आधीच सांगतो.

गणितवेडी म्हणतायत ते खरंय, एप्रिलमध्ये इथे कोणीच बोलत नव्हतं फुटबॉलबद्दल. ऑफिसातला एक जण तर म्हणायचा की प्ले-ऑफ लवकर संपू दे म्हणजे सुट्टीचं बुकिंग करता येईल. मग कॉव्हेंट्रीबरोबर सेमी झाली, तिकडे २-१ जिंकलो, इकडे घरी ०-१ मागे पडलो आणि एक्स्ट्रा टाइमचाही शेवट आला, सगळे पेनल्टीच्या तयारीत, आणि १२२ व्या मिनिटाला कॉर्नरवर डॅन बॅलार्डचं हेडर बारला लागून आत. मी स्टेडियममध्ये होतो. माझ्या शेजारी सत्तरीचे एक आजोबा होते, त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं आणि मग विचारलं, तुझं नाव काय रे बाळा. ते स्टेडियम जुन्या कोळशाच्या खाणीच्या जागेवर उभं आहे, बाहेर खाणकामगारांच्या दिव्याचं शिल्प आहे. या गावातल्या खाणी गेल्या, जहाजं बांधायचे कारखाने गेले, राहिला तो हा क्लब, आणि तोही २०१७ आणि २०१८ असा लागोपाठ दोनदा खाली घसरून चार वर्षं तिसऱ्या डिव्हिजनमध्ये सडला.

फायनलचं तिकीट मला मिळालं नाही, पबमध्ये बघितली. पहिल्या दहा मिनिटांतच आमच्या ल्यूक ओ'नाएनचा खांदा गेला. २५ व्या मिनिटाला टायरीस कॅम्पबेलने शेफील्डकडून गोल टाकला आणि आमच्याकडे सगळे गप्प. थोड्या वेळाने त्यांच्याच हॅरिसन बरोजने दुसरा मारला, पब अर्धा रिकामा व्हायच्या बेतात, आणि रेफरी निघाला मॉनिटर बघायला. गोल रद्द. त्याबद्दल खाली कोणीतरी बोंब मारणारच आहे तर मी काही बोलत नाही.

७६ व्या मिनिटाला पॅट्रिक रॉबर्ट्सचा पास, आमच्या मायेंडाने असा काही हाणला की जाळी फाटते की काय. आणि मग टॉमी वॉटसन. हे पोरगं आमच्याच अॅकॅडमीतलं, वय १९, आणि गंमत म्हणजे त्याचा ब्रायटनला जायचा सौदा आधीच झाला होता. म्हणजे क्लबसाठीची त्याची शेवटची मॅच, हे सगळ्यांना माहीत. त्या सौद्यावरून काही लोक त्याच्यावर खार खाऊन पण होते. सबस्टिट्यूट म्हणून आला, शेफील्डच्या कीफर मूरचा ढिसाळ पास मधेच अडवला, धावत सुटला आणि बॉक्सच्या तोंडाशी जाऊन खाली कोपऱ्यात ठेवला. २-१. आमच्या ऑफिसातल्या त्या माणसाने सुट्टीचं बुकिंग केलं की नाही मी कधी विचारलं नाही.

---

ब्लेडचा_भक्त

बोंब मारणारा हजर आहे.

मी शेफील्डमध्ये शिकायला होतो तेव्हापासून हा रोग लागलाय. बरोजचा गोल का रद्द झाला तर आमचा विनिसियस सोझा ऑफसाइड जागी उभा होता आणि कीपरच्या नजरेच्या आड येत होता म्हणून. नियमाने कदाचित बरोबर असेल. पण अहो, लीगच्या ४६ मॅचमध्ये व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय) नाही. एकही नाही. वर्षभर ज्या नियमाने खेळलो तो सोडून शेवटच्या मॅचला एकदम मशीन आणून ठेवायचं? त्याच सीझनमध्ये असा गोल नेहमीच्या शनिवारी झाला असता तर मोजला गेला असता आणि २-० नंतर काय झालं असतं ते देवाला माहीत.

आमचा इतिहास ऐका. १९९७ फायनल, क्रिस्टल पॅलेस, ०-१, डेव्हिड हॉपकिनने शेवटच्या मिनिटाला मारला. २००३, वुल्व्ज, ०-३. २००९, बर्नली, ०-१. २०१२ ला तिसऱ्या डिव्हिजनची फायनल, हडर्सफील्डबरोबर ०-०, पेनल्टी चालल्या चालल्या त्या दोन्ही कीपरपर्यंत पोचल्या आणि आमच्या कीपरने बारवरून मारली. म्हणजे चार फायनल आणि एक गोल नाही. कॅम्पबेलने मारला तो आमचा प्ले-ऑफ फायनलमधला पहिला गोल, त्या आनंदात आम्ही जवळजवळ तासभर होतो. प्ले-ऑफमधून आम्ही आजवर एकदाही वर गेलेलो नाही.

उशिरा_जागणारा, तुम्ही विचारलंत मुकाट ऐकून कसे घेतात. घेत नाही. जून मध्ये मॅनेजर ख्रिस वाइल्डरला घालवला, रुबेन सेलेसला आणला, तो लीगच्या पहिल्या पाचही मॅच हरला, सप्टेंबरमध्ये त्याला काढून परत वाइल्डरलाच आणला. एका गोलने एवढं सगळं. माझं म्हणणं एवढंच की १० पेक्षा जास्त पॉइंटचा फरक असेल तर तिसऱ्याला सरळ वर पाठवा, नाहीतर निदान फायनल तरी त्याच्या घरी ठेवा.

---

जुन्या_वह्या

ब्लेडचा_भक्त, तुमचं दुःख मान्य, पण ९० पॉइंटचं रडगाणं संडरलंडवाल्यांसमोर गाऊ नका, कारण हे त्यांच्यासोबत आधी घडलंय, तेही अगदी त्याच आकड्यावर.

१९९७-९८. संडरलंड तिसरे, ९० पॉइंट. फायनल चार्लटनशी, ते ८८ वर. वेम्ब्लीला ४-४. चार्लटनकडून क्लाइव्ह मेंडोन्काची हॅट-ट्रिक, आणि हा मेंडोन्का संडरलंडमध्येच वाढलेला, लहानपणापासून त्याच क्लबचा चाहता! पेनल्टी ६-६ पर्यंत गेल्या, चार्लटनने सातवी घातली आणि मायकल ग्रेची सातवी कीपरने पकडली. तोही संडरलंडचाच पोरगा. गावच्या एकाने तीन घातले आणि गावच्याच दुसऱ्याची पेनल्टी गेली. पुढच्या वर्षी संडरलंडने १०५ पॉइंट करून डिव्हिजन जिंकली, जणू काही पुन्हा त्या प्ले-ऑफचं तोंड बघायचं नव्हतं.

आणि त्याच्याही आधी १९९०. संडरलंड सहावे, फायनलला स्विंडनकडून ०-१ हरले, तरी वर गेले! कारण स्विंडनने खेळाडूंना हिशेबाबाहेर पैसे दिल्याचं निघालं आणि त्यांचं प्रमोशन काढून घेतलं. तिसरे होते न्यूकॅसल, त्यांना सेमीत संडरलंडनेच हरवलं होतं. न्यूकॅसलवाल्यांना विचारा न्याय म्हणजे काय.

आता हा नियम आला कुठून. १९८६-८७ ला सुरू झाला. वरची डिव्हिजन २२ वरून २० वर आणायची होती, म्हणून पहिली दोन वर्षं वरच्या डिव्हिजनची एक टीम पण प्ले-ऑफमध्ये खेळायची, १९८८ ला चेल्सी असंच मिडल्सब्रोकडून हरून खाली गेली, आज कोणाला सांगून खरं वाटणार नाही. फायनल वेम्ब्लीला १९९० पासून. २००१ ते २००६ वेम्ब्ली पाडून नवं बांधत होते तेव्हा कार्डिफला व्हायच्या.

सगळ्यात वाईट माझ्या मते रेडिंगचं झालं. १९९५ ला ते दुसरे आले. दुसरे! पण त्या वर्षी मधल्या काळात पुन्हा २२ झालेली वरची डिव्हिजन, म्हणजे प्रीमियर लीग, २० ची होत होती म्हणून थेट फक्त एकच टीम वर गेली. फायनलला बोल्टनवर २-० आघाडी, वर पेनल्टी मिळाली, ती चुकवली, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये ४-३ हरले. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हा.

---

गणितवेडी

जुन्या_वह्या +१. आणि २०१६ चं ब्रायटन राहिलं. ८९ पॉइंट, दुसऱ्या नंबरच्या मिडल्सब्रोचेही ८९, फक्त गोलफरक दोनने कमी म्हणून तिसरे. सेमीत ७४ वाल्या शेफील्ड वेन्सडेकडून हरले. पुढच्या वर्षी थेट वर गेले आणि आता बघा कुठे आहेत.

ब्लेडचा_भक्त, घरी खेळवा म्हणताय तर ते पाचव्या डिव्हिजनमध्ये, नॅशनल लीगमध्ये करून बघितलंय की. तिथे दुसऱ्या तिसऱ्याला थेट सेमी आणि तीही घरी, एकच मॅच. २०२५ लाच यॉर्क सिटी ९६ पॉइंट घेऊन दुसरे आले, सेमीला पाचवं ओल्डम, त्यांच्यापेक्षा २३ पॉइंट मागे. यॉर्क घरच्या मैदानावर ०-३ हरलं. घर कामी येतंच असं नाही.

माझं मत विचाराल तर अन्याय आहे आणि तो असू दे. कारण प्ले-ऑफ नसता तर मार्चमध्येच अर्ध्याअधिक टीमचा सीझन संपला असता. २०२४-२५ ला सहाव्या ब्रिस्टल सिटीचे ६८ होते आणि ६६ वर ब्लॅकबर्न आणि मिलवॉल, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत जीव टांगणीला. ज्या क्लब्सना आपण पाचवे सहावे येऊ असं वाटतं (म्हणजे जवळजवळ सगळ्यांनाच) त्यांना हा नियम हवाच असणार, तिसरं कोण येणार हे ऑगस्टमध्ये कोणाला माहीत असतं.

---

उशिरा_जागणारा

अरे बापरे, १९९८ चं वाचून मी ती पण मॅच शोधली. ग्रेची पेनल्टी बघून वाईट वाटलं.

पण एक राहिलं, लोक याला जगातली सगळ्यात महागडी मॅच का म्हणतात? ट्रॉफीला तर तेवढे पैसे नसतात ना?

---

जुन्या_वह्या

बक्षीस असं काही नाही, पैसा वरच्या लीगच्या टीव्ही हक्कांचा. प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या नंबरच्या क्लबलाही एका वर्षाचे १०० मिलियन पौंडांच्या वर मिळतात, चॅम्पियनशिपमध्ये त्याचा छोटासा तुकडा. आणि खाली पडलात तरी पॅराशूट पेमेंट म्हणून पुढची काही वर्षं पैसे येत राहतात, पहिल्या वर्षी वरच्या क्लब्सना मिळणाऱ्या समान टीव्ही वाट्याच्या ५५ टक्के, मग ४५, मग २०. एकाच वर्षात परत पडलात तर तिसरं वर्ष मिळत नाही.

पण पैसे आले म्हणजे टिकता येतं असं नाही. ल्यूटन बघा, २०१४ पर्यंत नॅशनल लीगमध्ये म्हणजे पाचव्या पायरीवर, २०२३ ला कॉव्हेंट्रीला पेनल्टीवर ६-५ हरवून प्रीमियर लीगमध्ये. मैदान जेमतेम दहा हजारांचं, पाहुण्या प्रेक्षकांचं गेट लोकांच्या घरांच्या रांगेतून. २०२४ ला खाली, २०२५ ला अजून एक पायरी खाली.

---

वेअर_काठचा

म्हणूनच आमच्याकडे जिंकल्यावर दुसऱ्या दिवशीपासून सगळे घाबरलेले होते. आमचा जोब बेलिंगहॅम डॉर्टमुंडला गेला, वॉटसन ब्रायटनला, आणि लोक म्हणायला लागले आता वर्षभर मार खायचाय. मग ग्रानिट झाका आला, पहिल्याच मॅचला घरी वेस्ट हॅमला ३-०.

ब्लेडचा_भक्त, पुढे कधी तुमचा क्लब इकडे आला तर कळवा, चहा माझ्याकडून. बरोजचा गोल ऑफसाइड होता.

---

ब्लेडचा_भक्त

चहा घेईन. गोल बरोबर होता.