तातडीने मदत हवी: आईचं नाव मतदार यादीत नाही

जुईची_ताई: आई मतदान केंद्रावर उभी आहे. यादीत नाव नाही म्हणे. प्रोव्हिजनल मतपत्रिका (पाकिटात वेगळी ठेवून, पात्रता तपासल्यावर मोजायची) देतो म्हणतात, पण ती घाबरलीय. घ्यावी का? मोजतात का खरंच? आम्ही एडिसन, न्यू जर्सीत. आठला बंद होतं, लवकर सांगा!

सातारकर: आई नागरिक झाल्यात ना? अजून ग्रीन कार्डच असेल तर कशावरही सही न करता परत या.

जुईची_ताई: झालीय हो! मागच्या वेळी मतही दिलं.

नाना_पुणे: नियम 49-पी दाखवा, प्रदत्त मत मागा. हक्क आहे तो.

सातारकर: नाना, तो भारतातला नियम. तोही आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर.

थंडीतला_मराठी: आमच्या मिनेसोटात त्याच दिवशी नोंदणी होते, त्याच भागातल्या मतदार शेजाऱ्याने पत्त्याची शपथ घेतली तरी चालतं. प्रोव्हिजनल म्हणजे नुसती बोळवण. चुरस असेल तरच ती पाकिटं उघडतात.

सातारकर: साफ चूक. पात्र ठरलेलं प्रत्येक मत मोजतात, फरक कितीही असो. मोजलं की नाही, नसेल तर का, हे मतदाराला फुकट कळलं पाहिजे, असं 2002 च्या केंद्रीय कायद्यातच आहे. असं बोलून लोकांना दारातून परत पाठवू नका.
ताई, मागचं मत याच घरातून दिलं होतं?

जुईची_ताई: नाही, तेव्हा पिस्कॅटवेला होतो. एप्रिलमध्ये इथे आलो. त्याने फरक पडतो?

सातारकर: अहो, हेच आधी सांगायचं! दोन्ही गावं मिडलसेक्स काउंटीतच. काउंटीतल्या काउंटीत घर बदललं की नव्या पत्त्याच्या केंद्रावर प्रोव्हिजनलच देतात. काउंटी बदलली असती तर 21 दिवस आधी नवी नोंदणी लागली असती. केंद्र नव्या घराचंच आहे ना?

जुईची_ताई: हो, कोपऱ्यावरची शाळा.

सातारकर: मग बिनधास्त घ्या. जुना, नवा दोन्ही पत्ते नीट लिहायचे. पाकिटाला जोडलेला प्रतिज्ञापत्राचा भाग फाडायचा नाही. सही नोंदणीतल्या सहीशी ताडून बघतात.

नाना_पुणे: तिथेही मशीनच असतं का?

जुईची_ताई: दिलं मत! पण आई सही मराठीत करते, ते आत्ता लक्षात आलं. बाद होईल का?

सातारकर: नोंदणी करताना कशी केली होती?

जुईची_ताई: मराठीतच. अर्ज मीच भरला होता, सही तिची.

सातारकर: मग तशीच हवी. चौकशीसाठी दिलेला कागद मात्र जपून ठेवा.