मदत हवी आहे: ब्राउझरमधून क्यूजीआयएस चालवतोय, सारखं तुटतंय

पाणलोट:
संस्थेच्या कार्यालयात एक दणकट उबुंटू मशीन आहे, त्यावर क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) टाकलंय. गावांत काम करणाऱ्या सहकाऱ्यांकडे ४ जीबी रॅमचे जुने लॅपटॉप आहेत. उंचीचं मोठं रास्टर (चौकोनी ठिपक्यांचा नकाशा) उघडलं की ते गोठतात. म्हणून नोव्हीएनसी (दूरच्या मशीनचा पडदा ब्राउझरमध्ये दाखवणारा प्रोग्राम) बसवून ब्राउझरमधूनच काम करायचं ठरवलं. कार्यालयात उत्तम चालतं. बाहेरून जोडलं की चालू होतं आणि मग आपोआप तुटतं. नेट चांगलं आहे, कृपया नेट तपासा असं सांगू नका. परवा तालुक्याला नकाशे दाखवायचे आहेत. काय करू?

खटपट्या:
तुटतं म्हणजे किती वेळाने? काम करताना की नुसतं उघडं ठेवल्यावर? व्हीएनसी सर्व्हर, म्हणजे मशीनचा पडदा पाठवणारा प्रोग्राम, कोणता? बाहेरून थेट पोर्टला (मशीनच्या क्रमांक दिलेल्या दाराला) जोडता की मध्ये काही आहे?

लॅबवाला_नाशिक:
नोव्हीएनसीच्या नादी लागू नका, अपाचे ग्वाकामोले घ्या. दूरच्या मशीनला जोडायच्या व्हीएनसी, आरडीपी, एसएसएच या तिन्ही पद्धती एकाच पानावरून. प्रत्येकाला वेगळं लॉगिन देता येतं, कोणी कुठलं मशीन उघडायचं तेही ठरवता येतं. आमच्या कॉलेजच्या लॅबला हेच लावलंय, मुलं घरून काम करतात.

अरुंधती_के:
एका क्यूजीआयएससाठी टॉमकॅटपासून (ग्वाकामोलेला लागणारा वेब सर्व्हर) सगळा संसार कशाला मांडायचा? एक्सप्रा बघा. अख्खा डेस्कटॉप न पाठवता नुसती त्या प्रोग्रामची खिडकी पाठवतं. १४५०० पोर्ट ब्राउझरमध्ये उघडायचा, झालं. जोडणी गेली तरी आत काम चालूच राहतं.

लॅबवाला_नाशिक:
व्हीएनसीतही आतलं काम चालूच राहतं, त्यात एक्सप्राचं विशेष काय? उद्या माणसं वाढली की लॉगिन कोण सांभाळणार?

अरुंधती_के:
वाढतील तेव्हा बघू की. परवा नकाशे दाखवायचेत त्यांना.

हिशेबनीस:
विंडोज १० होम असेल तर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर येताच येत नाही, प्रो लागतं. आधी ते तपासा.

खटपट्या:
पहिल्याच ओळीत उबुंटू लिहिलंय हो.

शिवारफेरी:
मुळात शिवारात रेंज कुठे असते? अँड्रॉइडवर क्यूफील्ड अ‍ॅप घ्या. प्रकल्प क्यूजीआयएसमध्ये तयार करून फोनवर न्यायचा, नेट नसतानाही नोंदी होतात. आमच्या विहिरींच्या सगळ्या नोंदी तशाच झाल्या.

पाणलोट:
नोंदी झाल्यात. आता पाणलोटाच्या सीमा काढायच्या आहेत, ते काम मोठ्या मशीनवरच होणार. नवीन काही शिकवायला वेळ नाही.
खटपट्या, सर्व्हर टायगरव्हीएनसी. एचटीटीपीएससाठी मध्ये एन्जिनएक्स (बाहेरची जोडणी आत पोचवणारा वेब सर्व्हर) आहे, तो तर सगळेच लावतात. नकाशा हलवत असलो की तुटत नाही. फोन घ्यायला उठलो की परत येईपर्यंत गेलेलं असतं. मिनिटभरात.

खटपट्या:
मग सापडलं. पडदा स्थिर असला की व्हीएनसी सर्व्हर काहीच पाठवत नाही. एन्जिनएक्स मागच्या बाजूकडून काही येतंय का याची ६० सेकंद वाट बघतो आणि जोडणी बंद करतो. तो आकडा मुळातच तसा ठेवलेला असतो. कार्यालयात तुम्ही थेट नोव्हीएनसीच्या ६०८० पोर्टला जोडत असणार, मध्ये एन्जिनएक्सच नाही, म्हणून तिथे तुटत नाही.
दोन उपाय. एक, एन्जिनएक्सच्या सेटिंगमधल्या नोव्हीएनसीच्या लोकेशन ब्लॉकमध्ये प्रॉक्सी-रीड-टाइमआउट (वाट बघायची ती मर्यादा) वाढवून तासभर करा. दुसरा मला जास्त पटतो: वेबसॉकिफाय (नोव्हीएनसी आणि व्हीएनसी सर्व्हर यांना जोडणारा प्रोग्राम) सुरू करताना हार्टबीट ३० द्या. दर ३० सेकंदांनी ते पिंग (जोडणी जागी असल्याचा छोटा संदेश) पाठवतं, मग मध्ये बसलेल्या कुणालाच जोडणी निजलेली वाटत नाही. अपग्रेड आणि कनेक्शन ही हेडर (ही जोडणी सुरू करायला लागणाऱ्या ओळी) तुमच्याकडे आहेतच, नाहीतर सुरूच झालं नसतं.

अरुंधती_के:
हे बरोबर आहे, एक्सप्राचं राहू दे. पण व्हीएनसीचा ५९०१ आणि नोव्हीएनसीचा ६०८० हे पोर्ट बाहेरच्या जगाला उघडे आहेत का? व्हीएनसीच्या साध्या पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात, कितीही लांब ठेवा. दोन्ही पोर्ट लोकलहोस्टपुरते (फक्त त्याच मशीनपुरते) करा, बाहेरून फक्त एन्जिनएक्स, आणि त्यावर वेगळा पासवर्ड. गावांच्या जमिनींची माहिती आहे ही, उघडी राहता कामा नये.

लॅबवाला_नाशिक:
हे सगळं ग्वाकामोलेत एका जागी होतं, एवढंच सांगत होतो.

पाणलोट:
हार्टबीटने टिकतंय! खटपट्या, मनापासून आभार. पोर्ट आज बंद करतो.
आता दुसरं. अ‍ॅट्रिब्यूट टेबलमध्ये (नकाशासोबतच्या माहितीच्या तक्त्यात) गावांची नावं मराठीत लिहायचीत. लॅपटॉपचा कीबोर्ड मराठी केला की तिकडे भलतंच उमटतं.

शिवारफेरी:
माहिती शेपफाइल या जुन्या स्वरूपात आहे का? एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) चुकलं की देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, शिवाय स्तंभाचं नाव १० अक्षरांच्या पुढे जात नाही. जिओपॅकेज या नव्या स्वरूपात करा.

खटपट्या:
ते करावंच, पण यांचं टाइप करतानाच बिघडतंय. लॅपटॉपचा कीबोर्ड इंग्रजीच राहू दे, मराठी सर्व्हरवर करा. तिथे आयबस (वेगवेगळ्या भाषा टाइप करायचा प्रोग्राम) टाका, व्हीएनसी सत्राच्या एक्सस्टार्टअप फाइलमध्ये आयबस डीमन सुरू करा आणि क्यूटी-आयएम-मॉड्यूल आयबस ठेवा. क्यूजीआयएस क्यूटीवर (खिडक्या-बटणं दाखवणाऱ्या संचावर) चालतं, ती ओळ टाकायची राहिली तर बाकी सगळीकडे मराठी येईल, फक्त क्यूजीआयएसमध्ये येणार नाही.

अरुंधती_के:
लेआउट इन्स्क्रिप्टच (देवनागरीचा सरकारी प्रमाण कीबोर्ड) ठेवा.

शिवारफेरी:
गावातल्या पोरांना फोनेटिकच (इंग्रजी अक्षरांनी मराठी) येतं हो. आयबसमध्ये दोन्ही ठेवा, ज्याला जे जमेल ते.