ऑस्लो: हेतूइतकाच आराखड्यातही दोष

ऑस्लो करार म्हणजे इस्रायल आणि पॅलेस्टिनी संघटना पीएलओ यांच्यातला १९९३ चा शांतता करार. ‘ऑस्लो फसलं ते दोन्हीकडच्या खोट्या हेतूंमुळे’ असं एक मत आहे, ते मला अर्धंच पटतं. फट करारातच होती. त्यात जेरुसलेम, पॅलेस्टिनी निर्वासित, व्याप्त भागातल्या ज्यू वसाहती, सीमा असे सगळे अवघड प्रश्न पुढे ढकलून ५ वर्षांचा अंतरिम काळ ठेवला. बोलणी उधळू पाहणाऱ्यांच्या हाती हे आयतं कोलीत मिळालं. फेब्रुवारी १९९४ मध्ये बारूख गोल्डस्टीन या ज्यू वसाहतवाल्याने वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन शहराच्या इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून मारलं. एप्रिलमध्ये हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेने इस्रायलमधल्या अफुलात बसजवळ स्फोट घडवला. नोव्हेंबर १९९५ मध्ये करार करणारे इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांचा खून झाला, तोही एका ज्यू माणसाच्या हातून.

हेब्रॉनकडे नीट पाहा. १९९७ च्या करारात शहराचे दोन तुकडे झाले: सुमारे ८०% भाग पॅलेस्टिनी प्रशासनाकडे, २०% इस्रायली सैन्याकडे. जुना बाजार या २०% मध्ये येतो. तिथे गल्लीवर जाळी ताणलेली आहे, कारण वरच्या मजल्यांवरच्या वसाहतवाल्यांकडून खाली कचरा, बाटल्या, दगड पडतात.

तिथे आंतरराष्ट्रीय निरीक्षक होते, पण निःशस्त्र. पाहायचं, नोंदवायचं, अहवाल दोन्ही पक्षांना द्यायचा, बस्स. अहवाल जाहीर होत नसत आणि मध्ये पडायचा अधिकारही नव्हता. मुदत दर ६ महिन्यांनी वाढवावी लागे. २०१९ मध्ये इस्रायलने ती वाढवली नाही, आणि ही नोंदही थांबली.