व्याही नाशिकचे, जेवण नागपुरी: कुठली व्हाइट वाईन आणू?

वीजवाला_काका (प्रतापनगर, नागपूर)

नमस्कार मंडळी. ३४ वर्षं वीज खात्यात काढली, खांबावरही चढलो आन् टेबलावरही बसलो, पण आज हे विचारताना जेवढा संकोच होऊन राहिला तेवढा कधी झाला नाही. घरच्यांना विचारता येत नाही म्हणून इथे विचारतो.

मुलीचं लग्न ठरलं. मुलाकडचे दिंडोरी तालुक्यातले, द्राक्षबागायतदार. खायच्या द्राक्षांची बाग मोठी, आणि तीन एकरांत वाईनची द्राक्षं, ती वाईनरीला जातात. बोलणी करायला गेलो तेव्हा जेवणाआधी त्यांनी थंडगार पांढरी वाईन समोर ठेवली. मी आयुष्यभर थंडीत रम आणि उन्हाळ्यात बीअर एवढंच जाणणारा माणूस. म्हटलं, बायकी प्रकार दिसते, मान ठेवायला घोटभर घेऊ. घोट गिळला आणि दोन्ही गालांत आतून पाणी सुटलं, कैरी चिरताना सुटते तसं. गोड नाही, कडू नाही, घशात जळजळ नाही. दुसरा घेतला. तिसरा घेतला तेव्हा बायको डोळे वटारून पाहून राहिली होती.

आता डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते तिघं आपल्याकडे जेवायला येऊन राहिले. बेत बायकोने ठरवून टाकला, त्यात बदल होणार नाही: आधी सांभारवडी (सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) आणि कढी, मग वडाभात, पाटवडी रस्सा, आणि सावजी मटण, कारण नागपूरला येऊन सावजी नाही खाल्लं तर काय खाल्लं. शेवटी संत्रा बर्फी. वाईन माझ्याकडे सोपवली, म्हणजे फजिती माझीच.

मेमध्ये एक प्रयोग करून पाहिला होता. बर्डीकडच्या एका दुकानातून नाशिकचीच एक बाटली आणली. दुकानात वरच्या फळीवर, पत्र्याखाली, धूळ बसलेली उभी होती. बाहेर ४५ डिग्री. घरी फ्रिजमध्ये ठेवून रात्री उघडली तर रंग जुन्या तुपासारखा, वास शिजवलेल्या सफरचंदाचा, आणि ते गालांतलं पाणी गायब. दुकानदाराला सांगितलं तर म्हणे, "काका, वाईन अशीच असते." मला ठाऊक आहे अशी नसते, मी पिऊन आलो ना!

तर सांगा: ती कैरीसारखी चव पाहिजे असेल तर बाटलीवर काय पाहायचं? आणि या बेतात ती बसते का, की मी उगाच हात दाखवून अवलक्षण करून राहिलो? ज्यांची अख्खी शेती द्राक्षाची त्यांच्यासमोर चुकीची बाटली ठेवायची नाही.

---

तर्री_पोहे

सावजीसंगं व्हाइट वाईन? काका, बीअर आणा बाप्पा. नाहीतर मठ्ठा.

---

बुरेट_आणि_बशी

काका, तर्री_पोहे यांचं अर्धं बरोबर आहे, पण अर्धंच. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, राहते धरमपेठेत, आणि ही माझी आवडीची गोष्ट आहे, तेव्हा लांबलं तर माफ करा.

तुम्हाला आवडलं ते आम्ल. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं: टार्टारिक, म्हणजे चिंचेत असतं तेच, आणि मॅलिक, जे हिरव्या सफरचंदात असतं. गालांत पाणी सुटलं ते त्यांच्यामुळे. नागपूरच्या माणसाला हे समजायला वाईन लागत नाही. आंबिया बहाराचं संत्रं दिवाळीच्या आगेमागे येतं, त्याला आंबट धार असते. मृग बहाराचं नंतर येतं, गोड असतं. झाड तेच. तुम्हाला हवी ती वाईन आंबिया बहाराची आहे असं समजा.

लेबलवर सोव्हिन्याँ ब्लाँ शोधा, हे द्राक्षाच्या जातीचं नाव (दुकानात पूर्ण "सॉव्हिग्नॉन ब्लाँ" म्हणा, नुसतं "सॉव्हिग्नॉन" म्हटलं तर कॅबर्ने सॉव्हिग्नॉन, म्हणजे रेड, काढून देतील). हिला ओल्या गवताचा, हिरव्या मिरचीचा, पेरूचा वास असतो, आणि ती बहुधा ड्राय, म्हणजे कोरडी असते, साखर जवळजवळ उरलेली नसते. शेनिन ब्लाँबद्दल मात्र सावध राहा. तेच द्राक्ष, पण त्याची वाईन कुणी कोरडी करतं, कुणी थोडी साखर ठेवतं. नाशिकच्या सुला वाईनरीची शेनिन गोडसर बाजूची आहे, रिझलिंगही तशीच. वाईट नाहीत, उलट तिखटाला त्याच बऱ्या. पण कैरी नव्हे.

आता सावजी. तिखटातलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही आणि वाईनमधल्या अल्कोहोलने जीभ जास्तच पेटते. आंबट आणि कोरडी वाईन त्यावर घेतली तर वाईनची चवही जाते आणि रस्साही दुप्पट झोंबतो. सांभारवडी मात्र! कोथिंबीर, खोबरं, खसखस, वर तळलेलं कुरकुरीत आवरण. त्यातली हिरवी चव सोव्हिन्याँच्या हिरव्या वासाला जाऊन मिळते आणि तळणीचा तेलकटपणा आम्लाने जिभेवरून धुऊन निघतो. माझ्या मते या बेतातली खरी जोडी तीच. काकूंना सांगा, त्या दिवशी आतल्या सारणात तिखट जरा हात राखून घाला.

संत्रा बर्फीबरोबर पेला रिकामा असू द्या. गोडावर कोरडी वाईन नुसती आंबटढोण लागते.

---

गोडी_छाटणी (नाशिक)

काका, अभिनंदन. दिंडोरीच्या बाजूलाच आमची बाग.

तुमच्या मेच्या बाटलीचं काय झालं ते आम्ही रोज पाहतो. ती उष्णतेने गेली. फळावर जे होतं तेच बाटलीत झालं. आमच्याकडे एप्रिलात खरड छाटणी (नव्या फांद्यांसाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठी), म्हणून माल थंडीत पिकतो. नाशिक समुद्रसपाटीपासून ६०० मीटरच्या आसपास, जानेवारीच्या रात्री चांगल्या गार. रात्र गार असली की ब्रिक्स (रसातली साखर) चढत असतानाही आंबटपणा टिकतो. रात्र उबदार झाली की मॅलिक आधी उतरतं. म्हणून पांढरा माल आधी काढतात, आणि बरेच जण रात्री किंवा पहाटे तोडतात, म्हणजे घड गार असतानाच वाईनरीत पोचतो. एवढी निगा राखून केलेली वाईन नागपूरच्या पत्र्याखाली दोन महिने उभी राहिली तर उरणार काय?

म्हणून तीन गोष्टी पाहा. बाटलीवरचं साल यंदाचं, फार तर गेल्या वर्षीचं. आपल्याकडच्या साध्या पांढऱ्या वाईन साठवायच्या नसतात. जानेवारी-फेब्रुवारीचा माल त्याच वर्षी बाटलीत येतो, तेव्हा डिसेंबरात ताजी मिळायला हरकत नाही. दुसरं, फळीवरची नको, फ्रिजमधली मागा, किंवा उन्हाळ्यानंतर आलेल्या खोक्यातली. तिसरं, काच उजेडात धरा, रंग फिका, हिरवट पिवळा असला पाहिजे. सोनेरी झाला असेल तर परत ठेवा.

नाशिकच्याच पाहिजेत असं नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली या वाईनरीच्या बागा आहेत, त्यांची सोव्हिन्याँही कोरडी. बाकी सुलाच्या पहिल्या बाटल्या २००० साली आल्या, त्यात सोव्हिन्याँ आणि शेनिन दोन्ही होत्या. त्याआधी आमच्याकडे वाईनचं द्राक्ष कोणी लावत नव्हतं म्हटलं तरी चालेल. तुमचे व्याही त्यानंतरच्या पिढीतले बागायतदार असणार. त्यांना बाटलीच्या नावापेक्षा ती कशी सांभाळली याचंच कौतुक वाटेल.

---

बोरखेडी_नाका

एक सांगू का. नाशिकहून समृद्धीने येणार असतील आणि भेट म्हणून पेटी आणणार असतील तर आधी फोन करा. वाटेत वर्धा जिल्हा लागतो आणि तिथे १९७५ पासून दारूबंदी आहे. सोयरिकीची सुरुवात नाक्यावर व्हायला नको. आणि घरी आणताना तुमचा स्वतःचा परवाना खिशात असू द्या, एक दिवसाचाही मिळतो.

---

वीजवाला_काका

सगळ्यांचे आभार. जेवण परवा झालं, आता सविस्तर लिहितो.

आधी रंगीत तालीम केली. तीन बाटल्या आणल्या: सुलाची सोव्हिन्याँ, फ्रातेल्लीची सोव्हिन्याँ, आणि सुलाची शेनिन. या वेळी दुसऱ्या दुकानात गेलो, सदरला. "फ्रिजमधली द्या, आणि साल दाखवा" म्हटलं तर पोरगा माझ्याकडे असा पाहत राहिला जसा मी दुधाच्या पिशवीवरची तारीख विचारून राहिलो. पण दाखवलं. बाटली ट्यूबलाइटसमोर धरून रंग पाहिला. मागच्या गिऱ्हाइकाने विचारलं, "काका, नकली येऊन राहिली का?"

घरी बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ टाकून बाटल्या बुडवल्या. आमच्या खात्यात ट्रान्सफॉर्मरचं तापमान बघायचा नाद होता, तो अजून आहे, म्हणून थर्मामीटरही बुडवला. वीस-पंचवीस मिनिटांत ९ डिग्री. नुसत्या फ्रिजला याच्या कितीतरी पट वेळ लागला असता.

बायको आणि मी, दोघंच. सांभारवडीचा तुकडा, घोट, पुन्हा तुकडा. सुलाच्या सोव्हिन्याँला नाकाशी नेलं की ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास. मॅडम, तुम्ही म्हणता ते खरं, वडीतला सांभार आणि हा वास एकाच वाफ्यातला वाटतो. फ्रातेल्लीची मला जास्त आंबट, जास्त सरळ वाटली, कैरीच्या जवळ तीच. बायकोला शेनिन आवडली. म्हणे, "ही तरी माणसासारखी आहे."

मग हट्टाने सावजी रस्सा आणून सोव्हिन्याँसोबत चाखला. भाऊ, कान लाल झाले. वाईन म्हणून काही कळलंच नाही, नुसतं जळतं पाणी. शेनिनने थोडं निभावलं. तर्री_पोहे, तुमचं बरोबर होतं, पण मी बीअर काढली नाही, मठ्ठाच ठेवला. वडाभाताने मात्र चकित केलं. वड्यांवर हिंगाचं कडकडीत तेल ओतलेलं, वर सोव्हिन्याँचा घोट, तर तोंड पुन्हा कोरं. पुढचा घास घ्यायला तयार.

आता मुख्य दिवस. बोरखेडी_नाका यांचं ऐकून मी आधीच फोन केला होता, त्यामुळे व्याह्यांनी पेटी आणली नाही, पाच किलो बेदाणे आणले. बसल्यावर मी फ्रातेल्लीची बाटली बादलीतून काढली. त्यांनी हातात घेतली, नाव वाचलं नाही. आधी बाटलीवरचं साल वाचलं, मग उजेडात धरली. माझ्या छातीतली धडधड तेव्हा थांबली, कारण हे तर मी चार दिवसांपूर्वी सदरला केलं होतं! पेल्यात थोडीच ओतली, गोडी_छाटणी यांनी लिहिलं नव्हतं पण मीच ठरवलं होतं, आपल्याकडे पेला भरून ठेवला की अर्ध्यात कोमट होते. व्याही घोट घेऊन गप्प बसले. मग सांभारवडी उचलली, पुन्हा घोट, आणि विचारलं, "ही तुम्ही मुद्दाम सोबत ठेवली?" मी म्हटलं, "हो." खोटं कशाला बोलू, इथली नावं सांगितली नाहीत एवढंच.

सावजी वाढलं तेव्हा त्यांनी स्वतःहून पेला बाजूला सरकवला आणि मठ्ठा मागितला. जावईबापूंनी ऐकलं नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत सोव्हिन्याँ पीत राहिले आणि "मस्त आहे बाबा" म्हणत राहिले. पोरगा चांगला आहे.

विहीणबाई सांभारवडी करायची रीत लिहून घेऊन गेल्या. कोथिंबिरीला सांभार म्हणतात हे त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं, त्यांनी आधी मसाला लिहिला होता. आणि व्याह्यांनी फेब्रुवारीत तोडणीला बोलावलं आहे, पहाटे चारला बागेत. जायचं नक्की. गोडी_छाटणी, त्या वेळी तिकडे बागेत थंडी कितीशी असते? मफलर पुरेल की स्वेटर घेऊ?