कपाटात काय ठेवायचं? (शेवट कोणी फोडू नये)

सी-४०१ ताई: मंडळी, क्लबरूममधलं कपाट आज उघडलं. वरचे दोन कप्पे कादंबऱ्या, खाली खेळांचे डबे, मधे एक मेलेली पाल. पाल गेली. बाकीच्यांचं काय करायचं ते ठरवा. रंगकाम झाल्यावर जे परत आत जाईल ते दोनच कप्प्यांत मावलं पाहिजे, कारण तिसऱ्यात सेक्रेटरींच्या फायली येणार आहेत.

सेक्रेटरी: फायली तात्पुरत्या आहेत.

सी-४०१ ताई: म्हणजे कायमच्या. असो. प्रत्येकाने सांगा काय ठेवायचं आणि का. "छान आहे" हे कारण धरलं जाणार नाही.

बी-३०४ काकू: 'शाळा' ठेव गं. तीनदा वाचलीये. सिनेमाही बरा होता, पण पुस्तकाची सर नाही.

डी-१०१: काकू, माझं नेमकं उलटं. सिनेमा आधी पाहिला आणि मग पुस्तक घेतलं, तर मुकुंद मनातल्या मनात किती बोलतो! सिनेमात तो नुसता बघत उभा राहतो ना, ते मला जास्त लागलं.

बी-३०४ काकू: अगं, ते बोलणं म्हणजेच तर कादंबरी! नववीतला पोरगा, बाहेर आणीबाणी, आत वर्गातली ती शिरोडकर, आणि दोन्हींवर त्याचं मत तयार. ते कॅमेऱ्यात कसं पकडणार?

डी-१०१: पकडलं नाही म्हणूनच आवडलं. मला माझं काहीतरी घालता आलं त्यात.

सी-४०१ ताई: दोघींचं भांडण एकच आहे. काकूंना मुकुंद आधी कानात भेटला, हिला आधी डोळ्यांसमोर. आधी भेटतो तो खरा, मागून येतो तो तोतया.

ए-१०२ आजोबा: हे मला मान्य नाही. 'गाईड' मी आधी वाचली होती. सिनेमा १९६५ चा, कादंबरी १९५८ ची. तरी आज राजू म्हटलं की देव आनंदच दिसतो आणि पाऊस पडतोच.

डी-१०१: कादंबरीत पडत नाही?

ए-१०२ आजोबा: तीच तर गंमत. पावसासाठी उपास करून राजू नदीच्या पाण्यात उभा असतो, लोकांनी धरलेलं असतं. म्हणतो, डोंगरात पाऊस पडतोय, माझ्या पायांना जाणवतोय. आणि कोसळतो. संपलं पुस्तक. पडला की नाही, तो मेला की नाही, लेखक काही बोलत नाही. आर. के. नारायण यांना सिनेमा रुचला नव्हता, त्यावर त्यांनी लेखसुद्धा लिहिला होता. माणूस म्हणून मी त्यांच्या बाजूने आहे. पण थिएटरात तीन तास बसल्यावर मला पाऊस हवा होता, आणि तो मिळाला.

बी-३०४ काकू: आजोबा, अगदी. कोरडं घरी कोण जाणार!

सी-४०१ ताई: ठीक. माझा सिद्धांत जरा लंगडा झाला. 'शाळा' आणि 'गाईड' दोन्ही राहतील.

बी-५०२: गेटसमोर पांढरी गाडी कोणाची आहे?? टेम्पो आत येत नाहीये.

सेक्रेटरी: बी-५०२, कृपया वॉचमनला फोन करा. इथे कपाटाचा विषय चालू आहे.

बी-२०३ दादा: खेळांवर या आता. मोनॉपलीचा, त्या जागा घेऊन भाडं उकळायच्या खेळाचा, डबा सरळ टाकून द्या. चार तास जातात, आणि तिसऱ्या तासाला कळतं की आपण पहिल्याच तासात हरलो होतो. नुसतं मरायची वाट बघत बसायचं.

सी-४०१ ताई: चार तास जातात कारण नियम कोणी वाचत नाही. डब्यात कागद आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही त्याची. एखाद्याने जागा घेतली नाही तर ती तिथेच लिलावात निघते. सगळ्यांनी बोली लावायची, नको म्हणणाऱ्यानेसुद्धा. आणि फ्री पार्किंगच्या चौकोनावर कुणालाही काहीही मिळत नाही.

बी-२०३ दादा: काहीही काय! दंडाचे पैसे मधे जमतात आणि फ्री पार्किंगवर येईल तो उचलतो. लहानपणापासून हेच.

सी-४०१ ताई: अरे, दंड ही पैसा खेळाबाहेर काढायची मोरी आहे. तुम्ही तिला बोळा घालता आणि वर तक्रार करता की कोणी बुडत नाही. लिलाव नाही म्हटल्यावर जागासुद्धा पडून राहतात. कशाला संपेल मग खेळ?

बी-२०३ दादा: मला मोठ्या भावाने असाच शिकवला.

सी-४०१ ताई: झालं. भावाने सांगितला तो नियम खरा, छापलेला तोतया. माझा सिद्धांत चालायला लागला परत.

डी-१०१: मुळात हा खेळ एका बाईचा आहे, माहीत आहे का? लिझी मॅगी. १९०४ मध्ये पेटंट घेतलं, नाव 'लँडलॉर्ड्स गेम'. जागेचा मालक नुसत्या भाड्यावर बाकीच्यांना कसा धुऊन काढतो, हे लोकांना कळावं म्हणून केला होता. १९३५ मध्ये तो मोनॉपली या नावाने मोठ्या कंपनीकडून आला तेव्हा शिकवण गळून गेली आणि नुसतं धुऊन काढणं उरलं.

बी-२०३ दादा: म्हणजे तो वैताग तिने मुद्दाम घातलाय! आता आदर वाटायला लागला. पण खेळणार नाही.

सेक्रेटरी: डब्यात ३२ घरं आणि १२ हॉटेलं असायला हवीत. मोजली का?

सी-४०१ ताई: घरं २७. हॉटेलं ९, शिवाय खोडरबरचे तीन तुकडे, लाल शाईने रंगवलेले. एकावर दाताची खूण आहे.

बी-३०४ काकू: माझ्या मुलाने केलेत ते. टाकू नकोस.

सेक्रेटरी: हॉटेलं कमी असली तरी अडत नाही. प्रत्येक जागेवर चार घरं बांधायची आणि हॉटेल घ्यायचंच नाही. बँकेतली घरं संपली की संपली, दुसऱ्याच्या हातात पैसे असूनही त्याला बांधता येत नाही.

बी-२०३ दादा: सेक्रेटरी, तुमच्याबद्दल आज बरंच काही उलगडलं 😄

डी-१०१: तो पुठ्ठ्याचा मराठी स्क्रॅबल कोणी केलाय? अक्षरं काय सुंदर काढलीयेत.

ए-१०२ आजोबा: मी. निवृत्त झालो त्या वर्षी. मूळ स्क्रॅबल करणाऱ्या बट्स नावाच्या गृहस्थाने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून इंग्रजी अक्षरांचे गुण ठरवले होते, म्हणून मीही पेपर घेऊन मोजायला बसलो. पण मराठीत मोजण्याआधीच गाडी अडते. 'की' ही एक सोंगटी की दोन? बाराखडीची प्रत्येक सोंगटी वेगळी करायची तर पोतं लागेल. म्हणून काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या कापल्या. मग आलं 'स्त्री'. स, त्याचा पाय मोडा, त, त्याचा पाय मोडा, र, वर वेलांटी. एका अक्षराला सहा घरं! आणि उभा शब्द नेमका वेलांटीवरून जायचा असेल तर त्याने करायचं काय?

डी-१०१: मग?

ए-१०२ आजोबा: आमच्या हिने सोडवलं. ती म्हणाली, सोंगट्या फक्त मूळ अक्षरांच्या ठेवा. काना-मात्रा ज्याची त्याने मनात घालायची. आडव्या शब्दात ते 'क' असेल, उभ्यात 'की' असेल, कोणाचं काय बिघडतं? शंभर सोंगट्यांत बसलं सगळं. फक्त 'ळ' ला दहा गुण द्यायचे, हा तिचा हट्ट. म्हणाली, बिचाऱ्याने एकही शब्द सुरू होत नाही, गुण तरी घेऊ दे.

बी-३०४ काकू: हे कपाटात नको, काचेत लावा.

सी-४०१ ताई: काचेत नाही, वरच्या कप्प्यात, हाताला येईल असं. खेळायला केलंय ते.

बी-२०३ दादा: मी माझा पँडेमिक देतो कपाटाला. २००८ चा खेळ आहे, त्यात आपण एकमेकांविरुद्ध नसतोच. सगळे मिळून रोगाच्या साथींशी लढतात. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे.

बी-३०४ काकू: खेळलोय आम्ही तुझ्याबरोबर. सगळे मिळून म्हणजे तू सांगणार आणि आम्ही सोंगट्या सरकवणार.

बी-२०३ दादा: 😶

बी-२०३ दादा: बरं, मग खुनी शोधायचा क्लूडो तरी ठेवा. ६ संशयित, ६ हत्यारं, ९ खोल्या, म्हणजे ३२४ शक्यता. तिथे मी कोणाला काही सांगत नाही.

डी-१०१: त्या खेळावर सिनेमा आहे, 'क्लू', १९८५ चा. त्याचे तीन शेवट चित्रित केले होते आणि वेगवेगळ्या थिएटरांना वेगवेगळा शेवट पाठवला.

बी-३०४ काकू: म्हणजे मी एक खुनी बघून यायचं आणि शेजारणीने दुसराच? वर्षभर भांडलो असतो.

ए-१०२ आजोबा: शेवटावरून आठवलं. वरच्या कप्प्यात अगाथा ख्रिस्तीचं एक पुस्तक असेल, 'अँड देन देअर वेअर नन', निळं कव्हर. माझंच आहे. कॉलेजात असताना जुन्या पुस्तकांत घेतलं, घरी येऊन पाहतो तर मागची पानंच नाहीत. ते ठेवायला हरकत नाही. सिनेमा मी फिल्म सोसायटीत पाहिलाय, १९४५ चा, त्यामुळे कोणाला शेवट हवा असेल तर मी सांगू शकतो. शेवटी दोघं वाचतात आणि

सी-४०१ ताई: आजोबा.

सी-४०१ ताई: पुस्तकाचा शेवट तो नाही.

ए-१०२ आजोबा: म्हणजे?

सी-४०१ ताई: कादंबरी १९३९ ची. तिच्यावरून नाटक ख्रिस्तीनेच लिहिलं, ते १९४३ मध्ये आलं, आणि त्यात तिने शेवट बदलला. ते दहा जणांचं बडबडगीत आहे ना, त्याच्या शेवटच्या ओळीचे दोन पाठ आहेत. एकात शेवटचा जण लग्न करतो. नाटकासाठी तिने तो घेतला, आणि सिनेमा नाटकावरून गेला. पुस्तकात दुसरा पाठ आहे. तो मी लिहिणार नाही.

डी-१०१: *हा मेसेज डिलीट करण्यात आला*

सी-४०१ ताई: अगं!!

डी-१०१: सॉरी सॉरी. आजोबा, वाचलंत का?

ए-१०२ आजोबा: चष्मा सापडेपर्यंत गेला.

बी-२०३ दादा: पण ताई, पुस्तकाच्या नावातच तर

सी-४०१ ताई: तू गप.

ए-१०२ आजोबा: पन्नासहून जास्त वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगतोय. मुलाला सांगितली, सुनेला सांगितली, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत चार दिवस पुरवून सांगितली. एकदा रेल्वेत एका अनोळखी माणसाला सांगितली, त्याने माझ्यासाठी खिडकी सोडली होती.

बी-३०४ काकू: सिनेमाचा शेवट तो शेवटच आहे की हो. चुकीचं काय सांगितलंत?

ए-१०२ आजोबा: नुसता शेवट नाही ना बदलत. मी ज्या दोघांना निर्दोष धरून सगळं पुस्तक आठवत होतो, ते निर्दोष आहेत की नाहीत हेच आता मला माहीत नाही. म्हणजे पहिल्या पानापासून बदललं सगळं.

सी-४०१ ताई: हो.

सी-४०१ ताई: आणि नाटकही तिचंच असल्यामुळे तोतया कुणालाच म्हणता येत नाही. माझा सिद्धांत मी मागे घेते.

बी-३०४ काकू: माझ्याकडे पूर्ण प्रत आहे. मागच्या पानांचे फोटो काढून पाठवू का?

ए-१०२ आजोबा: नको नको. फोटो नको. पुस्तक द्या. सुरुवातीपासून वाचतो.

बी-३०४ काकू: संध्याकाळी दाराशी आणून देते.

ए-१०२ आजोबा: शेवटच्या प्रकरणाला रबरबँड लावून द्या. माझा माझ्यावर भरवसा नाही.

सेक्रेटरी: मग ती निळी फाटकी प्रत रद्दीत टाकायची ना? जागा होईल.

सी-४०१ ताई: नाही, ती कपाटातच राहील. वर चिठ्ठी लावते, "मागची पानं नाहीत".

ए-१०२ आजोबा: चिठ्ठी लावू नका.