‘रामाज’ला मराठीत काय म्हणावं?

फ्रेंच कवी ला फाँतेनच्या कावळा-कोल्ह्याच्या पद्यकथेत ‘रामाज’ आणि ‘प्ल्युमाज’ अशी जोडी येते. प्ल्युमाज म्हणजे पिसारा. रामाजला ‘आवाज’ म्हटलं तर चालेल का?

—

‘आवाज’ फार सपाट होतो. मूळ लॅटिन ‘रामुस’, म्हणजे फांदी. रामाज म्हणजे आधी फांद्यांचा पसारा, मग त्यात बसून पाखरं करतात ते कूजन. कोल्ह्याचा डाव इथेच आहे: ‘काव काव’ करणाऱ्याच्या गळ्याला तो गाणाऱ्या पाखराचा शब्द लावतो. ‘कूजन’च ठेवा. प्ल्युमाजशी यमक मात्र जाणारच.

—

मुलांना फ्रेंच शिकवायला ही कविता घेतली की अडचण पहिल्या ओळीपासूनच येते. ‘स्युर अँ आर्ब्र पेर्शे’: शब्दांच्या ओळीनं गेलं तर ‘झाडावर बसलेला’ऐवजी ‘बसलेल्या झाडावर’ असं वाचलं जातं. विचारवंत रूसोनं 1762च्या ‘एमिल’ या शिक्षणावरच्या पुस्तकात नेमकं यावरच बोट ठेवलंय. कावळ्याच्या चोचीतलं चीज स्वित्झर्लंडचं, ब्रीचं की हॉलंडचं, हेही तो विचारतो! (ही तक्रार मला ओढूनताणून वाटते. पेर्शेची रास्त आहे.)

—

आणि रूसो बोलत होता फ्रेंच मुलांबद्दल. परक्या मुलांचे हाल आणखी. म्हणून 18व्या शतकात इंग्रजी बोलणाऱ्यांना फ्रेंच शिकवणारे शांबो, पेरँ यांनी नवशिक्यांसाठी सोप्या गद्यातल्या कथा काढल्या. पेरँच्या पुस्तकाच्या शीर्षकातच शब्दार्थांच्या तक्त्याचा उल्लेख आहे. गद्यात शब्द नेहमीच्या जागी येतात, ‘पेर्शे’चा घोळ उरत नाही.

—

तक्ता हवाच, कारण शब्दकोशात ‘तँ’ शोधून सापडत नाही. ‘तनीर’ (धरणे) पाहावं लागतं. कवितेत दुसऱ्या ओळीत ‘तने’ (धरून होता) आणि चौथीत ‘तँ’. दोन्ही ‘तनीर’चीच रूपं, पण चौथीत ‘तनीर अँ लांगाज’, म्हणजे बोलणं. तिथे ‘धरलं’ लिहिलं की वाक्य मेलं.
शिकवताना आधी ‘व्हेर्सिओं’, म्हणजे फ्रेंचमधून आपल्या भाषेत. मग पुस्तक मिटून ‘तेम’, उलट दिशेनं. तने-तँची अदलाबदल तेममध्ये उघडी पडते, व्हेर्सिओंमध्ये झाकली जाते.

—

‘कोर्बो’ला नुसतं ‘कावळा’ नको. साध्या कावळ्याला फ्रेंचमध्ये ‘कोर्नेय’ हा वेगळा शब्द आहे. कोर्बो आकारानं मोठा, ‘डोमकावळा’ जास्त जवळचा.

—

मुंगीच्या कथेतल्या ‘सिगाल’चंही (सिकाडा हा कीटक) तसंच. ग्रीक कथेतही झाडावर किर्र करणारा सिकाडाच आहे. इंग्रजीनं त्याचा ग्रासहॉपर केला, आपल्याकडे नाकतोडा आला. नाकतोड्याचं चित्र दाखवून ‘सिगाल’ शिकवू नका.