फुगडीला कुणबी साडी: मागावरची की मशीनची?

फोंड्याची_सून
चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलीय. आमच्या फुगडी पथकात १४ जणी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लाल-पांढऱ्या चौकडीची मशीनची कुणबी साडी ४५० ला मिळते, हातमागाची ३२०० ला. यावरून पथकात दोन तट पडलेत. माझं म्हणणं, मशीनच्या कापडाला 'कुणबी' म्हणणं ही चक्क फसवणूक. तुम्हांला काय वाटतं?

खाजनकाठ
असहमत. माझी आजी ही साडी नेसून भातलावणीला जायची. गुडघ्यापर्यंत खोचलेली, पोलकं नाही, खांद्यावर गाठ. वारसाबिरसा तिच्या गावी नव्हता. चिखलात वाकता यायचं आणि खिशाला परवडायचं, म्हणून ती साडी. आज जिच्या जातीचं नाव साडीला आहे तिलाच ती परवडत नाही. माझी काकी ४५० वालीच नेसते. तिला खोटी कुणबीण म्हणणार काय?

धोटा
दोन वर्षं मागावर बसलेय, म्हणून लिहिते. चौकडी म्हणजे रंग ताण्यातही (उभे धागे) आणि बाण्यातही (आडवे धागे). पट्टी बदलली की धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, बदला. धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोका जरा जोरात पडला की चौकोन चपटा. दिवसाला दीड मीटर झालं तर नशीब, म्हणजे साडेपाच मीटरला चार दिवस धरा. सूत, रंग, दुकानदाराचा वाटा वजा जाता हातात येतं त्यापेक्षा भातकापणीची मजुरी बरी. काकींनी खुशाल स्वस्त नेसावी. पण दुकानदाराने तिच्यावर 'हातमाग' लिहू नये, एवढंच.

दुहेरी_पदर
धोटाताईंशी सहमत. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी मशीनच्या 'सेमी पैठणी' धडाक्यात खपतातच. पण पैठणी निदान उलटून बघता येते. हाताची दोन्ही बाजूंनी सारखी, मशीनच्या पाठीमागे धाग्यांचं जंगल. साध्या चौकडीला ती परीक्षा लागू नाही, दोन्हीकडून सारखीच दिसते. तिथे हातमाग चिन्हाचं लेबल बघायचं.
बाकी, कोलवाळच्या फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी रॅम्पवर नेली नसती तर आज आपण भांडायला तरी बसलो असतो का?

खाजनकाठ
नेली, मान्य. पण आता सोहळ्यात दिसते ती निऱ्या-पदरवाली, सहावारी नेसतात तशी. कापड वाचलं, नेसण गेली. तुमच्या पथकात खांद्यावरची गाठ कितीजणींना येते?

फोंड्याची_सून
एकीलाही नाही. (खरं सांगायचं तर पिन लावायचं ठरलं होतं.)
यंदा पुढच्या दोघींना मागावरची घेऊ, बाकीच्यांना दरवर्षी दोन-दोन. धोटाताई, दोन साड्या चवथीआधी होतील?

धोटा
ताणा उद्या लावला तर होतील. आगाऊ पैसे मात्र द्या, सूत उधारीवर मिळत नाही.

खाजनकाठ
गाठीसाठी रविवारी काकीला घेऊन येतो. ती ४५० वाली नेसूनच येणार, आधीच सांगून ठेवतो.